लोणावळ्याची पाचर आणि नौसैनिकाचे पहिले आठवडे

भर समुद्रात जहाजाला आग लागली तर बंब बोलावता येत नाही. जहाजावर जे असतील त्यांनीच, मग तो इंजिनखान्यातला असो वा मुदपाकखान्यातला, ती विझवायची असते. भोक पडून पाणी आत येऊ लागले तरी तेच. भारतीय नौदलाचे हे शिक्षण समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर चालते. लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरातली आयएनएस शिवाजी ही संस्था 15 फेब्रुवारी 1945 रोजी, इंग्रजी अमलात, ‘एचएमआयएस शिवाजी’ या नावाने सुरू झाली. जहाजांच्या यंत्रांवर काम करणारी माणसे घडवणे हे तिचे मूळ काम. अणु, जैविक व रासायनिक हल्ल्यांपासूनचा बचाव आणि जहाजाचे हानी-नियंत्रण शिकवणारी शाळाही तिथेच आहे.

पाण्याच्या पातळीखाली तीन मीटरवर, जहाजाच्या पत्र्याला दहा सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी आत घुसते. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर पाचेक मिनिटांत खोलीत रिकामा व्हावा, तसा हा लोंढा. तो अडवायची साधने मात्र साधी आहेत: लाकडी बूच, पाचर, हातोडा, फळ्या आणि टेकू. बुचाला कापड गुंडाळून ते भोकात दाबायचे, ठोकायचे, उरलेल्या फटीत पाचरी मारायच्या. लाकूड भिजून फुगले की पकड आणखी घट्ट होते. वर्गात हे समजायला फार वेळ लागत नाही. कमरेएवढ्या पाण्यात, अंधारात, पायाखालची जमीन कलत असताना करायचे म्हटले की हात थरथरतात. म्हणूनच गोवा शिपयार्डने लोणावळ्यासाठी ‘अक्षत’ हा सिम्युलेटर बांधला. त्यात जहाजाच्या खोल्यांची प्रतिकृती आहे, भोकांतून पाणी येते आणि सगळा सांगाडा जहाजासारखा झुकतो.

हा सराव किती गरजेचा आहे हे 21 जुलै 2024 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत दिसले. आयएनएस ब्रह्मपुत्रा या युद्धनौकेला आग लागली. ती आटोक्यात आल्यावर दुसऱ्या दिवशी जहाज डाव्या बाजूला कलंडले. एका नौसैनिकाचा जीव गेला.

सिम्युलेटरचा मोठा गुण म्हणजे त्यात अडचण पायरीपायरीने वाढवता येते. आधी कोरड्यात, मग थोड्या पाण्यात, मग अंधारात. आणि चुकले की लगेच पाणी थांबवून पुन्हा पहिल्यापासून. सैनिकाच्या प्राथमिक प्रशिक्षणात जी सुधारणा व्हायला हवी तिचे सूत्र हेच आहे. कष्ट कमी करायचे नाहीत, पण ते मोजून आणि क्रमाने द्यायचे.

नौसैनिकाचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील आयएनएस चिल्का येथे होते; तिथून पुढे तो आपापल्या शाखेच्या शाळेत जातो. 14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यातून भरती होणाऱ्या अग्निवीराची सेवा प्रशिक्षण धरून चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्क्यांना कायम केले जाते. नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी 28 मार्च 2023 रोजी चिल्काहून सूर्यास्तानंतरच्या संचलनाने बाहेर पडली. सुमारे 2,600 जणांच्या त्या तुकडीत मुलीही होत्या. चिल्कातला काळ सुमारे चार महिन्यांचा. तिथे दुखापतीने तीन आठवडे गेले, तर ते कुठून भरून काढायचे?

दुखापतीचे कारण बहुतेकदा धडपडणे नसते, अचानक वाढलेला भार असतो. भार वाढला की हाड आधी थोडे झिजते आणि मग अधिक मजबूत बांधले जाते. या मधल्या काळात, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. कवायत करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचे वर्णन प्रशियातील लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्येच केले होते. उपायही माहीत आहेत. सगळ्यांना एकाच वेगाने पळवण्याऐवजी ताकदीप्रमाणे गट पाडावेत, एकूण किलोमीटर कमी करावेत, झोप पुरी द्यावी. ऑस्ट्रेलियाच्या लष्कराने 1990च्या दशकात धावण्याच्या जागी ओझे घेऊन चालण्याचा प्रयोग केला, तेव्हा दुखापती घटल्या. तिथेच आणखी एक गोष्ट लक्षात आली: उंच पुरुषांच्या पावलाला पाऊल जुळवताना बुटक्या मुलींच्या ओटीपोटाच्या हाडांवर ताण येतो. त्यांना स्वतःच्या पावलाने चालू देणे एवढाच त्यावरचा उपाय. मुली आता नौसैनिक होत असल्याने आपल्याकडेही तो लगेच करण्याजोगा आहे.

उष्म्याचेही तसेच. मावळातल्या थंड हवेतून मे-जूनमध्ये चिल्काच्या दमट किनाऱ्यावर गेलेल्या मुलाच्या शरीराला रुळायला दहा ते चौदा दिवस लागतात. अमेरिकी मरीन दलाने 1950च्या दशकात तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र मोजणारा निर्देशांक वापरायला घेतला, आणि त्यानुसार कसरत कमी किंवा बंद करण्याचे नियम केले. उष्माघात लक्षणीय कमी झाले. हे मोजायचे उपकरण महाग नाही. फक्त त्याचा आकडा वाढला की कसरत थांबवायचा अधिकार उस्तादाला, म्हणजे कसरत घेणाऱ्या प्रशिक्षकाला हवा, आणि थांबवल्याबद्दल त्याला कुणी बोल लावता कामा नये.

शिवीगाळ आणि निरर्थक रगडा यांनी माणूस कणखर होतो, हा समज सोडायला हवा. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत नाविकांचे बंड सुरू झाले ते ‘तलवार’ या संदेशवहन शिकवणाऱ्या संस्थेत, आणि निकृष्ट जेवणाबरोबरच अधिकाऱ्याची अपमानास्पद भाषा हे त्याचे एक तात्कालिक कारण होते. दमलेल्या, घाबरलेल्या डोक्यात नवे कौशल्य रुजत नाही. पाचर मारायचा हात आधी शांतपणे शंभर वेळा चालवून घ्यावा लागतो. भीती आणि थकवा त्यानंतर.

सुधारणेचा एक भाग तर भरतीच्या आधीचा, गावातला आहे. लष्कराच्या भरतीत ‘सोळाशे’, म्हणजे सोळाशे मीटरची धाव, साडेपाच मिनिटांच्या आत मारणाऱ्याला शंभरपैकी साठ गुण मिळत आले आहेत. त्यामुळे तयारी म्हणजे पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, रोज जीव तोडून तेच अंतर पळणे. अशी मुले नडगी आधीच दुखावून प्रशिक्षणाला जातात, आणि बाहेर काढतील या भीतीने ते सांगत नाहीत. मावळात चढणी आणि मातीच्या वाटा भरपूर आहेत. आठवड्यातले दोन दिवस जोरात पळणे, बाकी दिवस लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी ओझे घेऊन चालणे, पोहायला शिकणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढा बदल गावातले प्रशिक्षक आजही करू शकतात. नौदलात जाणाऱ्याला पोहणे तर यायलाच हवे.

उरतो प्रश्न मोजमापाचा. संचलन देखणे झाले की प्रशिक्षण चांगले झाले असे धरले जाते. संचलन शिस्तीसाठी हवेच, पण प्रशिक्षण संस्थेची पारख दोन नोंदींवरून व्हावी. पहिली, किती जण दुखापतीने मागे पडले आणि कोणत्या आठवड्यात. दुसरी, जहाजावर सहा महिने काढल्यावर त्याच नौसैनिकाला पूर्वसूचना न देता अंधाऱ्या खोलीत नेले, तर गळती बंद करायला त्याला किती वेळ लागतो. ही दुसरी नोंद त्याला शिकवणाऱ्या उस्तादापर्यंत परत पोचली, तर पुढच्या तुकडीला काय वेगळे शिकवायचे ते त्याला कळेल.