धडकेची आगाऊ सूचना देणारी रेघ
चाकण-पिंपरीचा निर्यातमाल कंटेनरांत भरून न्हावाशेवा बंदरात जातो. तिथून निघालेल्या ‘एमएससी चित्रा’ या जहाजाची ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘खलिजिया-३’ या जहाजाशी टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले.

अशा टकरीचा धोका आधीच ओळखता येतो. रडारवर दिसणाऱ्या जहाजाची दिशा आणि अंतर ठरावीक वेळाने कागदावर मांडतात. आपले जहाज मध्यबिंदूवर स्थिर धरून समोरच्याचे बिंदू जोडायचे आणि रेघ पुढे वाढवायची. ती मध्यबिंदूपासून जितकी लांबून जाईल, तितक्या अंतरावरून ते जहाज जाईल. दिशा तीच राहून सहा मिनिटांत अंतर १० वरून ८ सागरी मैलांवर आले, तर टक्कर २४ मिनिटांवर आहे. आज संगणक ही रेघ काढतो. पण ती वाचून वेळीच जहाज वळवण्याची जबाबदारी माणसाचीच.