दोन तारांवरची ‘सकीन’

अश्दोदच्या मंडळींना अद हलोमचा पूल ठाऊक आहेच. तिथल्या रेल्वे स्टेशनलाही तेच नाव आहे. 29 मे 1948 च्या संध्याकाळी त्या पुलाजवळ थांबलेल्या इजिप्शियन फौजेवर चार लढाऊ विमाने तुटून पडली. आपल्या हवाई दलाच्या लढाऊ विमानांची ही पहिली मोहीम. एडी कोहेन त्यातून परतले नाहीत. ती विमाने चेकोस्लोव्हाकियाहून सुटी करून आणलेली, अविआ एस-199 जातीची. इथे त्यांना ‘सकीन’ म्हणत, म्हणजे सुरी. त्या सकीनचे कसरती करणारे मॉडेल कसे बांधतात, ते या वेळी आम्ही सांगणार आहोत.

या मॉडेलला रेडिओ नसतो. उडवणारा मैदानाच्या मधोमध उभा राहतो. त्याच्या मुठीपासून दोन बारीक पोलादी तारा सुमारे 19 मीटरवर विमानाच्या डाव्या पंखात शिरतात. मूठ कलली की पंखातला बेलक्रँक नावाचा त्रिकोणी तुकडा फिरतो आणि शेपटीची फळी वर-खाली होते. विमान एक फेरी सव्वापाच सेकंदांत घेते, म्हणजे ताशी 80 किलोमीटरहून जास्त वेग. दीड किलोचे विमान त्या वेगात हाताला चार किलोंची ओढ देते. मुंबईत संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्यांना ओढ म्हणजे काय ते सांगायला नको. फरक एवढाच की पतंगाला ढील देता येते. इथे ढील पडली की विमान गेले.

आता मूळ विमानाची खोड सांगितली पाहिजे. सांगाडा जर्मन मेसरश्मिटचा, पण त्याची इंजिने गोदामाला लागलेल्या आगीत जळाली, म्हणून बॉम्बफेकी विमानाचे युमो इंजिन बसवले. त्याला रुंद पात्यांचा मोठा पंखा लागला. चाके मात्र जवळजवळ होती. त्यामुळे धावपट्टीवर विमान एका बाजूला हिसका मारी. चेक वैमानिक त्याला ‘खेचर’ म्हणत, ते उगाच नव्हे.

असले विमान हुबेहूब लहान केले तर ते तारेवर कसरत करणार नाही. म्हणून ‘अर्ध-हुबेहूब’ मॉडेल करतात: दुरून पाहणाऱ्याने चटकन ‘सकीन!’ म्हणावे, पण मापे कसरतीच्या विमानाची असावीत. आम्हाला या कामात सर्वांत गोडी याचीच. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे करवत हाती घेण्याआधी कागदावर ठरते.

मूळ पंखांची लांबी 9.92 मीटर. सातपट लहान केली की सुमारे 1.42 मीटर, सोयीची. पण पंखांचे क्षेत्रफळ 33 चौरस डेसिमीटरच भरते, म्हणून रुंदी वाढवून ते 38 पर्यंत नेतो. पंख जाड आणि वर-खाली सारखाच फुगीर करावा, कारण अर्धा वेळ विमान उलटे उडणार. मूळ पंख टोकाकडे वर उचललेले आहेत, ते इथे जवळजवळ सपाट ठेवायचे. शेपटीची आडवी फळी मुळापेक्षा बरीच मोठी लागते. पंखामागच्या झडपा शेपटीच्या उलट हलतात: शेपटीची फळी वर, तर झडपा खाली. त्यामुळे कोपरे छोटे घेता येतात. लांब नाक, टोकाची मोठी टोपी, चौकटीची काच आणि रुंद पंखा यांना मात्र हात लावायचा नाही. ओळख तिथेच आहे.

फासळ्या बाल्साच्या. पंख सरळ कडांचा असल्याने कापायला सोप्या; स्पिटफायरच्या गोलाईचा त्रास इथे नाही. वजनाची फार काळजी घ्यावी. रंगाचा एकेक हात वजन वाढवतो आणि जड विमान कोपऱ्यात बुडते. तारांचे वजन डाव्या पंखावर येते, म्हणून उजव्या टोकात तीस-चाळीस ग्रॅम शिसे ठेवायचे. मूळ विमानाचा हिसका मॉडेललाही मारता येतो, आणि नाक आत वळले तर तारा सैल पडतात. म्हणून मोटर एक-दोन अंश बाहेर वळवायची, चाके जरा दूर बसवायची. आकाशात ते कुणाला दिसत नाही.

आमच्या वयाच्यांसाठी दोन गोष्टी. जवळपास विजेच्या तारा असतील तर तिथे उडवायचेच नाही. पोलादी तार त्यांना लागली तर जीव जातो, आणि पावसाळी गडगडाटातही तसेच. दुसरे म्हणजे भोवळ. नजर जमिनीवर गेली की डोके फिरते. विमानावर ठेवली तर बहुतेकांना सवय होते. ज्यांना मुळातच चक्कर येते त्यांनी विमान बांधावे आणि मूठ नातवाच्या हाती द्यावी.

पहिल्या उड्डाणात कसरत नको. मोटर टायमरने आपोआप थांबेपर्यंत सपाट फेऱ्या घ्याव्यात. मोटर थांबली की ओढ कमी होऊ लागते, तेव्हा हळूहळू एकेक पाऊल मागे सरकावे, म्हणजे चाके टेकेपर्यंत तारा ताठ राहतात.