फोन शिकतो, बियाणं शिकतं, आपणही शिकतो



मागच्या महिन्यात आमच्याकडे एक गोष्ट घडली. परसातल्या वालाची पानं पिवळी पडून आकसायला लागली. गटातल्या एका सूनबाईनं पानाचा फोटो काढला आणि पिकाचे रोग ओळखणाऱ्या एका अ‍ॅपला विचारलं. उत्तर आलं, बुरशी आहे, अमुक औषध फवारा. औषधाला पैसे काढायचं ठरतच होतं, तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. म्हणाल्या, “अगं, वेलावर एवढ्या मुंग्या कशाला चढल्यात?” आणि त्यांनी पान उलटलं. खाली मावा! मावा गोड चिकटा सोडतो, तो खायला मुंग्या येतात. फोटो वरून काढलेला, त्यामुळे फोनला पानाची खालची बाजू दिसलीच नव्हती. बुरशीच्या औषधानं मावा काही मेला नसता. पैसे तेवढे गेले असते.

आम्ही हसलो, पण मग विचारात पडलो. फोनला हे शिकवलं कुणी? आणि आजी कुठं शिकल्या?

आधी फोनचं बघू. यंत्राला हजारो पानांचे फोटो दाखवतात. हा करपा, हा भुरी, हे निरोगी पान, असं जाणकार माणसानं प्रत्येकावर लिहिलेलं असतं. यंत्र अंदाज करतं. चुकलं, की त्याच्या आतले आकडे थोडे इकडे-तिकडे सरकवले जातात. पुन्हा अंदाज, पुन्हा दुरुस्ती, असं लाखो वेळा चालतं. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या आर्थर सॅम्युअल यांनी संगणकाला चेकर्स हा पटावरचा खेळ असाच खेळून खेळून सुधारायला लावला आणि 1959 साली त्याबद्दल लिहिलं.

आपलं शिकणंही चुकत-माकतच होतं. पहिली भाकरी चिरते, दुसरीला पाणी जास्त होतं, पाचवी जमते. पण आपल्याला लाख भाकऱ्या थापाव्या लागत नाहीत. पीठ जुनं झालं, विरी गेली, तर गरम पाण्यात उकड काढायची, हे एकदा कळलं की ज्वारीचं शहाणपण नाचणीलाही लावता येतं. लेकराला दोन-तीन गाई दाखवल्या की चौथी ते स्वतः ओळखतं, आणि वर विचारतं, “हिला शिंगं का नाहीत?” हे ‘का’ महत्त्वाचं. आजींनीही मुंग्या का आल्या तेच विचारलं. फोनला दिलेल्या फोटोत जे आहे त्याच्यापलीकडे त्यानं पाहिलं नाही.

तिसरं शिकणं बियाण्याचं. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी देशी वाण जपले, बायफ संस्थेच्या साथीनं बियाणं बँक उभी केली, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असं जुनं बियाणं म्हणजे कित्येक पिढ्यांचा अनुभवच. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो, त्या वर्षी तग धरणाऱ्या वेलालाच शेंगा लागतात. त्याचंच बी पुढं जातं. एकेक वेल काही शिकत नाही, पण वाण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातो. यालाच उत्क्रांती म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनी 1859 सालच्या आपल्या ग्रंथाची सुरुवातच माणसानं निवडून घडवलेल्या पिकांपासून आणि पाळीव जनावरांपासून केली. आपण चांगल्या भरलेल्या शेंगा बियाण्याला राखतो, राखेत घोळून मडक्यात ठेवतो, तेव्हा तेच काम आपण हातानं करतो.

तिन्हींत एक सारखेपणा आहे: करून बघणं, चुकणं, बरं ते ठेवणं. फरक आहे तो ‘बरं’ कशाला म्हणायचं यात. निसर्गाला काही ठरवायचं नसतं, जे तगतं ते उरतं. यंत्राला ते माणूस ठरवून देतो. आपण मात्र स्वतः ठरवतो. चवीला गोड म्हणून एक वाण, दुष्काळात हाताशी असावा म्हणून दुसरा.

नवं सुचण्याचंही तसंच. जात्यावर बसलेल्या बायांनी जुन्याच चालीत आपलं सुख-दुःख गुंफलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज यंत्राला सांगितलं तर तेही शब्द जुळवून ओवी करून देतं. पण माहेरची आठवण त्याला येत नाही. त्याची ओवी आधीच्या बायांच्या ओव्यांवरच उभी असते.

म्हणूनच हे लक्षात ठेवायला हवं. जून 2025 मध्ये राज्य सरकारनं शेतीसाठी एआयचं धोरण मंजूर केलं. ही यंत्रं आपल्या बांधावर येणार, आणि ती कामाचीही आहेत. रात्री-अपरात्री विचारलं तरी उत्तर देतात. पण आपले वाण, आपल्या खुणा, आपली बोली त्यांना कुणी दाखवलीच नसेल, तर आपल्या पिकाचं उत्तर चुकणार.

तेव्हा तीन गोष्टी करू या. फोटो काढताना पान उलटून खालचाही काढायचा, खोडाचा आणि अख्ख्या झाडाचाही. निव्वळ फोनच्या सांगण्यावर फवारणी करायची नाही. जाणत्या बाईला विचारायचं, सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा बाभळेश्वर, दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्राला विचारायचं. आणि गटाच्या वहीत बचतीच्या हिशोबामागं चार पानं बियाण्यांसाठी ठेवायची: वाणाचं नाव, कुणाकडून आलं, कधी पेरतात, कोणती कीड लागते, ती कशी ओळखायची.

आमच्या वहीतली पहिली ओळ त्या आजींची आहे: “मुंग्या दिसल्या की पान उलटून बघ.” तुमच्या वहीत पहिली ओळ कुणाची, ते आम्हाला नक्की कळवा.