भविष्यातली हाणामारी

भविष्यकाळातला मारधाडपट जोखताना यंत्रांचा चकचकाट मी शेवटी पाहतो. आधी पाहतो, त्या जगात टंचाई कशाची आणि लढाई तिच्यासाठीच आहे का. नाग अश्विन यांचा 'कल्की २८९८ एडी' (२०२४) घ्या. गंगा आटलेली, काशी उजाड. पाणी अन् हिरवळ वर 'कॉम्प्लेक्स'मध्ये. लोहाऱ्यात हे समजावून सांगावे लागत नाही; २०१८ च्या उन्हाळ्यात शेजारचे यवतमाळ टँकरची वाट पाहत होते. पण प्रभासचा भैरव लढतो तो वर शिरण्यापुरते 'युनिट' जमवायला. गाडी बोलते, आपण हसतो, जीव टांगणीला लागत नाही. अमिताभचा अश्वत्थामा मात्र पोटातल्या बाळासाठी उभा राहतो. उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडणारा हाच! म्हणून त्याचा प्रत्येक घाव लागतो. बाळाचे पुढे काय, ते दुसऱ्या भागावर ढकलले आहे. तिकीट तेवढे पूर्ण घेतले.