नववीचा हजेरीपट

१ मे रोजी आमच्या हिंगोलीत तीन गोष्टी एकत्र येतात. महाराष्ट्र दिन सगळ्यांचाच. १९९९ साली याच तारखेला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, हे दुसरं. आणि शाळांचा निकालही बहुधा याच दिवशी. सकाळी झेंडावंदन, मग वर्गावर्गांत प्रगतिपुस्तकं. पोरं आधी शेवटचं पान उघडतात, ‘पास’ दिसलं की पळतात. वर्ष कसं गेलं, हे त्या पुस्तकात सापडत नाही.

मी औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका प्रशालेत गणित शिकवते आणि नववीची वर्गशिक्षिका आहे. प्रशाला म्हणजे जिल्हा परिषदेचं हायस्कूल. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कुलं बहुतेक खासगी संस्थांची. मराठवाड्यात मात्र निजामाच्या काळापासून सरकारी शाळांची परंपरा आहे. त्यामुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांची लेकरं सातवी-आठवी झाली की आमच्याकडेच येतात.

एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाला की निकालाच्या आधी आम्ही एक बैठक घेतो. मुलं, पालक, शिक्षक, सेवक आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई. सकाळची शाळा असते, त्यामुळे ऊन तापायच्या आत उरकावं लागतं. हार-नारळ नाही, प्रास्ताविक नाही. टेबलावर फक्त हजेरीपट. मी एकेक महिना वाचते आणि मुलं कारणं सांगतात.

नववीच का, असं नवे शिक्षक विचारतात. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच, आणि समग्र शिक्षामधली मोफत पुस्तकंही. जूनमध्ये तेच पोर नववीच्या बाकावर बसतं, तेव्हा पुस्तकं विकत घ्यायची असतात आणि दुपारी शेजारच्या वर्गात खिचडी वाटली जात असताना आपला डबा उघडायचा असतो. डबा नसेल तर हळूहळू पोरच येईनासं होतं. आमच्या ताईंनी पहिल्याच बैठकीत हे सांगितलं होतं. रिकाम्या हाताने घुटमळणारी नववीची पोरं त्यांना रोज दिसत होती, आम्हाला नाही.

हजेरीपट वाचायला लागलं की शेतीचं वर्ष समोर येतं. जूनमध्ये पेरणी. त्याच सुमारास नर्सीहून नामदेवांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा आजी-आजोबांबरोबर एखादं-दुसरं लेकरू जातं. भाद्रपदात मूग-उडदाची तोडणी, मग सोयाबीनची काढणी. दसऱ्यात हिंगोलीचं प्रदर्शन असतं, पण त्यासाठी बुडवलेला दिवस कुणी कबूल करत नाही. दिवाळीनंतर काही नावांपुढे सलग लाल खुणा दिसतात. ती ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं. त्यांतली काही गावातच आजीजवळ राहतात आणि शाळेत येतात, पण सकाळी पाणी, सरपण आणि धाकट्या भावंडांचं उरकून.

सगळ्यांत लाल असतो मार्च. त्याचं कारण हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा जिल्ह्यात पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होतं. पण हे पीक आठ-नऊ महिन्यांचं. लागवड मे-जूनमध्ये, काढणी फेब्रुवारीपासून पुढे. म्हणजे हळदीचं आणि शाळेचं वर्ष जवळपास बरोबरच सुरू होतं आणि बरोबरच संपतं. पाला कापायचा, कंद खणायचे, वेचायचे, शिजवायचे, पंधरवडाभर उन्हात वाळवायचे, मग ढोलात घालून पॉलिश. वेचणीला माणसं पुरत नाहीत. गणिताच्या उत्तरपत्रिका तपासताना कोपऱ्यावर पिवळे अंगठे उमटलेले दिसतात, तेव्हा हे पोर पहाटे कुठे होतं ते विचारावं लागत नाही.

मागच्या बैठकीत एका आईला मी म्हटलं, “ताई, मार्चमध्ये निम्मे दिवस नाही आली ती.” त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, मजुराला द्यायला पैसे असते तर लेकरू कशाला बसवून घेतलं असतं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बैठकीत ते तयार असण्याची गरजही नसते.

मुलांना आम्ही अर्धं पान लिहायला देतो. दुसऱ्याला शिकवता येईल असं यंदा काय शिकलो? कोणत्या दिवशी यायचं होतं आणि येता आलं नाही? शाळेनं काय बदलावं? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. शिक्षकांबरोबर मुलानं स्वतः आणि सोबत्यांनीही त्याचं मूल्यमापन करावं, असं त्यात म्हटलंय. आमचं अर्धं पान त्याच वाटेवरचं, फक्त रकाने नसलेलं.

त्यातलं एक पान माझ्या लक्षात राहिलंय. शेकडेवारीच्या चाचणीत जेमतेम गुण मिळवलेल्या मुलानं लिहिलं होतं, की क्विंटलभर ओली हळद वाळून वीस-पंचवीस किलो भरते, म्हणून व्यापाऱ्याशी ओल्या मालाचा भाव बोलताना चौपट-पाचपट धरून हिशेब करायचा. हे तो चुलत्याला समजावत होता. गुण खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते. आता तो धडा मी हळदीच्या घटीपासूनच सुरू करते. एका मुलीनं लिहिलं होतं की सहल दरवेळी वेरूळला जाते, एकदा दुधाळ्याला न्या. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, तो आमच्याच तालुक्यात होतोय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा कुठून कुठे जाणार, हे तिला जागेवर बघायचं होतं.

बैठकीचं इतिवृत्त मुख्याध्यापकांच्या सहीनं निघतं. गेल्या वेळी त्यात तीन ठराव झाले. नववीची घटक चाचणी मार्चऐवजी जानेवारीअखेर घ्यायची. हळदीच्या दिवसांत संध्याकाळी शाळेत अभ्यासिका चालवायची. दिवे आणि पंखे गावाकडे, मुलींना घरी सोडायची जबाबदारी पालकांकडे. आणि पेपरच्या दिवशी कुणीही पोर शेतात ठेवायचं नाही, हे पालकांनी मान्य केलं.

चौथी मागणी त्याच आईंनी केली. वार्षिक परीक्षा लवकर घ्या, म्हणजे लेकरं मोकळी होतील. ते आमच्या हातात नाही. २०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक आलं आणि पेपर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालले. मागणी लिहून वर पाठवली आहे. घटक चाचणीची तारीख मात्र शाळाच ठरवते, आणि ती आम्ही त्याच दुपारी बदलली.