कानापुढची कटकट

जांभई देताना कानापुढे ‘कट्’ वाजतं, भाकरी चावताना गाल ठणकतो आणि माणूस कान दाखवायला जातो. दुखणं मात्र बरेचदा जबड्याच्या सांध्यात असतं.

फिजिओथेरपिस्ट आधी ‘आ’ करायला लावून पट्टीने मोजतात. साधारण ४० मिलिमीटर, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतील इतकं तोंड उघडायला हवं. हनुवटी एका बाजूला सरकते का, गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबल्यावर दुखतात का, हेही तपासतात; मानही पाहतात. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर घाबरू नये.

दुखत असेल तर उपाय साधे: शेक, हलका मसाज, काही दिवस मऊ जेवण. पण खरी मोलाची सवय वेगळीच: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दातांवर दात एरवी टेकायलाच नकोत. जीभ तशीच ठेवून तोंड हळूहळू उघडायचं, मिटायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा.