नाव, वय आणि बिल्ला : ‘सेंट निकोलस लीग’ची गोष्ट

अमेरिकेतील ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकाने नोव्हेंबर 1899 मध्ये ‘सेंट निकोलस लीग’ नावाचे एक सदर सुरू केले आणि वाचक म्हणून ज्यांना आजवर गृहीत धरले होते, त्या मुलामुलींना दरमहा लेखक म्हणून छापण्याची जबाबदारी पत्करली. कुमारसाहित्याच्या इतिहासात मोठ्यांनी मुलांसाठी काय लिहिले याची नोंद तपशीलवार होते. मुलांना लिहायला जागा कोणी दिली, कोणत्या अटींवर दिली आणि त्यातून पुढे काय उभे राहिले, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ही उणीव गंभीर आहे, कारण कुमारवयीनांच्या कथात्म साहित्यातील एक मोठे वळण अखेर एका शाळकरी मुलीच्याच हातून घडले.

मासिक 1873 पासून निघत होते. पहिल्या संपादक मेरी मेप्स डॉज या ‘हान्स ब्रिंकर’ या कादंबरीच्या लेखिका. मुलांचे मासिक म्हणजे मोठ्यांच्या मासिकाची पातळ केलेली आवृत्ती नव्हे, उलट ते अधिक कणखर आणि अधिक खरे असले पाहिजे, असे त्यांचे आग्रहाचे मत होते आणि ते त्यांनी निभावले. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची ‘रिक्की-टिक्की-टावी’ ही कथा नोव्हेंबर 1893 मध्ये आणि मोगलीची पहिली ‘जंगल बुक’ कथा जानेवारी 1894 मध्ये याच मासिकात आली. मराठी घरांत पुढे ओळखीचा झालेला मोगली अमेरिकेतल्या वाचकांना पुस्तकाआधी इथे भेटला.

लीगची आखणी अल्बर्ट बिगेलो पेन यांनी केली. हेच पेन पुढे मार्क ट्वेनचे चरित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. लीगमधले त्यांचे काम मात्र जवळजवळ विस्मृतीत गेले आहे, आणि तो त्यांच्यावरचा अन्याय आहे. लीगचे सदस्यत्व विनामूल्य होते आणि त्यासाठी वर्गणीदार असण्याची सक्ती नव्हती. कविता, गद्य, चित्र, छायाचित्र आणि कोडी अशा विभागांत दरमहा स्पर्धा होत आणि विषय आधी जाहीर केलेला असे. उत्तम कामाला रौप्य बिल्ला, त्यानंतर सुवर्ण बिल्ला आणि सुवर्ण बिल्ला मिळवलेल्यांना पुढे रोख बक्षीस, अशी चढती श्रेणी होती. प्रत्येक लेखनावर नाव, वय आणि पत्ता लिहावा लागे. शिवाय हे काम नक्कल केलेले नसून संपूर्णपणे मुलाचेच आहे, अशी आईवडिलांची, पालकांची किंवा शिक्षकांची लेखी हमी लागे. रानटी प्राणी-पक्ष्यांच्या छायाचित्रांना वेगळे बक्षीस होते, कारण मुलांनी बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन रानात जावे अशी संपादकांची इच्छा होती. चांगले असूनही जागेअभावी छापता न आलेले लेखन मुकाट्याने टोपलीत जात नसे. ते पाठवणाऱ्यांची नावे सन्मानयादीत, म्हणजे उल्लेखनीय ठरलेल्यांच्या छापील यादीत येत. दूरच्या गावातल्या मुलाला आपले लेखन कोणीतरी खरोखर वाचले आहे याचा पुरावा त्या यादीतून मिळत होता, आणि लीगचे खरे मोल या यादीत होते.

या पानांवर पुढील अमेरिकन साहित्यातली किती नावे येऊन गेली ते पाहिले की थक्क व्हायला होते. रेचल कार्सन हिने सैन्यातल्या भावाच्या पत्रातून कळलेल्या एका वैमानिकाच्या धाडसावर कथा लिहिली. ती सप्टेंबर 1918 च्या अंकात छापून आली आणि अकरा वर्षांच्या या मुलीला रौप्य बिल्ला मिळाला. पुढे मासिकाने तिचा एक मजकूर जाहिरातीसाठी शब्दाला एक सेंट या दराने विकतही घेतला. ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक 1962 मध्ये लिहून कीटकनाशकांच्या उद्योगाला हादरा देणारी लेखिका ती हीच. पुढे कथालेखिका म्हणून ओळखल्या गेलेल्या युडोरा वेल्टीचे चित्र इथे छापले गेले. ‘शार्लट्स वेब’चे लेखक ई. बी. व्हाइट यांनी तर रौप्य आणि सुवर्ण असे दोन्ही बिल्ले मिळवले होते.

व्हाइट यांनीच 1934 मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये लीगवर लेख लिहून एक अडचणीची गोष्ट उघड केली. प्राण्यांविषयी दयाभाव दाखवणारे लेखन संपादकांना हमखास आवडते, असे एका मित्राने त्यांना लहानपणी सांगितले होते आणि त्यांनी ते पक्के ध्यानात ठेवले होते. परीक्षकांची आवड ओळखून लिहिणे मुले फार लवकर शिकतात, आणि जिथे बक्षीस आहे तिथे हा दोष शिरतोच. तरीही त्यावरून लीग निरर्थक ठरवणे योग्य होणार नाही. लेखनाला वाचक असतो आणि त्या वाचकाला स्वतःची रुची असते, ही जाणही लेखकाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

लीगच्या साऱ्या कागदपत्रांत सर्वांत मोलाचे आहे ते एक छोटे निरोपाचे पत्र. मेन राज्यातल्या कॅम्डेन गावात, परिचारिकेचे काम करून तीन मुली एकटीने वाढवणाऱ्या आईच्या घरात एडना सेंट व्हिन्सेंट मिले वाढली. तिची पहिली कविता ऑक्टोबर 1906 मध्ये लीगमध्ये आली. 1907 मध्ये तिला सुवर्ण बिल्ला मिळाला आणि बिल्ला मिळवणारी ती कविता ‘करंट लिटरेचर’ या मोठ्यांच्या नियतकालिकाने पुन्हा छापली. फेब्रुवारी 1910 मध्ये ती अठरा वर्षांची झाली आणि लीगची वयोमर्यादा संपली. शेवटच्या कवितेला मिळालेल्या पाच डॉलरच्या बक्षिसाबद्दल आभार मानताना, या पैशांतून आपण ब्राउनिंगच्या कवितांची सुंदर प्रत घेणार आहोत, असे तिने कळवले. मोठे होऊन लीग सोडावी लागत असल्याचे दुःख व्यक्त केले आणि सही करताना स्वतःला लीगची पदवीधर म्हणवून घेतले. महाविद्यालयाची फी परवडण्याची शाश्वती नसलेल्या मुलीने एका मासिकाच्या सदराला आपले विद्यापीठ मानले होते.

या पत्रानंतर दोन वर्षांनी जे घडले त्यात मोठा वाद झाला. ‘द लिरिक इयर’ या शंभर कवितांच्या संग्रहासाठी 1912 मध्ये स्पर्धा झाली. मिले तोवर ‘ई. व्हिन्सेंट मिले’ अशी सही करी. त्यामुळे संपादक फर्डिनंड अर्ल यांनी तिला पुरुष समजूनच पत्र लिहिले. तिची ‘रेनासन्स’ ही दीर्घ कविता चौथी आली, म्हणजे बक्षिसाविना राहिली, आणि हा निकाल चुकीचा असल्याचा बोभाटा झाला. पहिले बक्षीस मिळालेल्या ऑरिक जॉन्स यांनीही तिचीच कविता श्रेष्ठ असल्याचे मान्य केले. परीक्षकांत ‘करंट लिटरेचर’चे एडवर्ड व्हीलर होते, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी तिची बिल्ल्याची कविता पुन्हा छापली होती. मुलांच्या मासिकाने जे वेळेवर ओळखले, ते मोठ्यांच्या स्पर्धेला ओळखता आले नाही. मिले हिला 1923 मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला.

लीग मुलांना लिहू देत होती; परंतु त्यांच्या स्वतःच्या वयाचे जग कथेत आणण्याचे धाडस तिच्या पानांवर फारसे दिसत नाही. मासिक 1940 च्या सुमारास बंद पडले. मॉरीन डेली हिची ‘सेव्हन्टीन्थ समर’ ही कादंबरी 1942 मध्ये आली, तरी पुढची वीस-पंचवीस वर्षे अमेरिकेतल्या कुमारवयीनांना मिळालेल्या कथा बहुतांशी नृत्यसमारंभ आणि शाळेतल्या सामन्यांभोवतीच फिरत राहिल्या. ही कोंडी ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात फुटली. सुझन हिंटन हिने पंधराव्या वर्षी सुरू केलेली ‘द आउटसायडर्स’ ही गरीब आणि श्रीमंत मुलांच्या टोळ्यांची कादंबरी 1967 मध्ये प्रसिद्ध झाली. ती लिहीत असतानाच्या वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला ‘डी’ श्रेणी मिळाली होती. मुलीने लिहिलेली टोळीयुद्धाची कथा पुरुष समीक्षक गंभीरपणे घेणार नाहीत, या भीतीने प्रकाशकांनी मुखपृष्ठावर केवळ ‘एस. ई. हिंटन’ अशी आद्याक्षरे छापली. अर्ल यांनी ‘ई. व्हिन्सेंट’ला पुरुष समजल्याला पंचावन्न वर्षे लोटली होती, तरी मुलीच्या नावाची अडचण तशीच होती. त्याच वर्षी हिंटनने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून, मोठ्यांनी लिहिलेल्या कुमारकथा कुमारांच्या वास्तवापासून किती दूर आहेत ते स्पष्ट सांगितले. तिच्या कादंबरीवर चित्रपट व्हावा म्हणून कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी विद्यार्थ्यांच्या सह्यांसह दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवले आणि 1983 मध्ये चित्रपट निघाला.

आपल्याकडे मराठीत बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आहे, आणि मुलांच्या दिवाळी अंकांतही मुलांचे लेखन येते. पण ते बहुधा अंकाच्या शेवटी, कौतुकाखातर आणि निवडीचा निकष न सांगता छापलेले असते. चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी मराठी संपादकांनी पुढच्या अंकापासून काही पाने कायमची राखून ठेवावीत, विषय आधी जाहीर करावा, नाव आणि वय छापावे, निवड कठोरपणे करावी, आणि ज्यांचे लेखन घेता आले नाही त्यांचीही यादी द्यावी.